सान्तोकूला पडलेला खांडा

काबोचा म्हणजे इथला, जपानमधला भोपळा. गडद हिरवा, आपल्या लाल भोपळ्यापेक्षा बराच लहान, आतून गोड, आणि साल अशी कडक की सुरी टेकवली तर घसरून बोटावर यावी. गेल्या वर्षी नवरात्रात आई टोकियोला आमच्याकडे होती आणि तिला घारगे करायचे होते. मी काबोचा मधोमध चिरायला घेतला, पातं अर्ध्यावर जाऊन अडकलं, आणि ते सोडवायला मी घाईघाईत मूठ डावीकडे पिळली. टिक्, असा अगदी बारीक आवाज आला.

पातं बाहेर काढून दिव्याखाली धरलं. टोकापासून दोन बोटांवर धारेचा नखाएवढा तुकडा गेला होता. दीड मिलिमीटर रुंद असेल, खोली त्याहूनही कमी. आई बाजूला खाली बसून नारळ खवत होती. तिने खवणी थांबवली, वर पाहिलं आणि म्हणाली, "खांडा पडला गं."

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आजी कोयत्याबद्दल म्हणायची. माझे हातपायच गळाले. रडू आलं नाही, पण पुढची दहा मिनिटं मी काही बोलले नाही. तुटलेला तुकडा भोपळ्यातच असणार, तो सापडल्याशिवाय घारगे होणार नव्हते, म्हणून आम्ही दोघींनी त्या फोडीचे पातळ काप करून एकेक काप खिडकीच्या उजेडात धरला. सातव्या की आठव्या कापात तो चमकला. चुंबकाने उचलला. तेवढी फोड टाकून दिली आणि बाकीच्या भोपळ्याचे घारगे केले.

ही सुरी म्हणजे जपानमधल्या एचिझेनच्या एका लोहाराच्या हातची सान्तोकू. पातं 165 मिलिमीटरचं, किंमत कर धरून 14,300 येन. मे 2024 मध्ये मी स्वतः तिथे जाऊन, हातात तोलून घेतली होती. त्यानंतर सव्वा वर्ष रोज दोन वेळचा स्वयंपाक तिच्यावर झाला.

सान्तोकूचा अर्थ तीन गुण. कुणी ते मासळी, मांस, भाजी असे मोजतात, तर कुणी काप काढणं, फोडी करणं, बारीक चिरणं असे. नावावरून पुरातन वाटली तरी ही समुराईंच्या काळातली सुरी नाही. जपानमध्ये शेकडो वर्षं जनावरांचं मांस खाणं निषिद्ध मानलं जायचं. 1872 मध्ये मेइजी सम्राटांनी गोमांस खाल्लं, ते जाहीर झालं, आणि मग हळूहळू मांस लोकांच्या ताटात आलं. त्याआधी घरात भाजीला नाकिरी असायची, चौकोनी आणि सरळ धारेची, आणि मासळीला देबा, जाड पाठीची आणि वजनदार. मांसाबरोबर पाश्चात्त्य घाटाची लांब, टोकदार ग्यूतो आली. एवढ्या सुऱ्या साध्या घरात कोण ठेवणार? नाकिरीचं रुंद पातं आणि ग्यूतोचं टोक एकत्र करून विसाव्या शतकात ही मधली सुरी घडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गेली. व्यावसायिक आचारी आजही वेगवेगळ्या सुऱ्या वापरतात. सान्तोकू ही घरच्या ओट्यावरची सुरी.

हे कळलं तेव्हा मला आमच्या चिपळूणच्या घरातल्या दोन विळ्या आठवल्या. एक भाजीची, एक मासळीची. मासळीची विळी मागच्या पडवीत, नळाजवळ भिंतीला टेकून उभी असायची आणि ती चुकूनही स्वयंपाकघरात येत नसे. भाजीच्या विळीला पुढे खवणी. नाकिरी आणि देबा अशा दोन पात्यांचं स्वयंपाकघर मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती, मी त्याच घरात वाढले.

तरी सुरी हे माझं हत्यार कधीच नव्हतं. आपण विळीवर बसतो, पायाने पाट दाबून धरतो, पातं जागेवर असतं आणि भाजी दोन्ही हातांनी त्याच्याकडे न्यायची असते. इथे भाजी जागेवर आणि पातं हलणार. टोकियोत आल्यावर पहिली सहा वर्षं मी सुपरमार्केटमधली एक स्टीलची सुरी वापरली. तिच्याखाली टोमॅटो आधी चेपायचा, मग फाटायचा. कोथिंबीर चिरली की पाटावर हिरवं पाणी. मला वाटायचं सुरी म्हणजे अशीच.

मार्च 2024 मध्ये होकुरिकु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत गेली आणि मधे एचिझेन-ताकेफू नावाचं नवं स्टेशन झालं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. फुकुई प्रांत, आजूबाजूला नुकतीच लावणी झालेली भातशेती, मागे डोंगर. टॅक्सीतून जाताना मला सारखं वाटत होतं की पुढच्या वळणावर सावर्डे येईल.

एचिझेनच्या लोहारकामाला सातशे वर्षांची परंपरा सांगतात. आख्यायिका अशी की 1337 मध्ये क्योतोचा चियोझुरु कुनियासु नावाचा तलवारी घडवणारा कारागीर चांगल्या पाण्याच्या शोधात इथे आला, आणि तलवारींबरोबर शेतकऱ्यांसाठी विळेही घडवू लागला. पुढे ते विळे देशभर गेले ते लाखेच्या झाडांचा चीक काढणाऱ्या लोकांबरोबर. ही माणसं इथूनच हंगामाला गावोगाव फिरायची आणि जाताना विळे विकायला न्यायची. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात तलवारीपेक्षा विळ्याला मान आहे. 1979 मध्ये एचिझेनच्या या कामाला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला, आणि हत्यारं-सुऱ्यांमध्ये तो मिळवणारं हे पहिलं ठिकाण.

ताकेफू नाइफ व्हिलेज ही तिथली सामाईक कार्यशाळा, 1993 मध्ये उभी राहिलेली. अनेक लोहार एका छपराखाली आपापलं काम करतात. वरच्या बाजूला पाहुण्यांसाठी एक सज्जा आहे, तिथून खाली भट्ट्या दिसतात. मी तिथे तासभर उभी होते. नवरा मधे जाऊन कॉफी पिऊन आला.

खाली एक माणूस पट्ट्यावर चालणाऱ्या यांत्रिक घणासमोर बसला होता. सांडशीत तापून नारिंगी झालेलं पातं. नीट पाहिल्यावर कळलं की पातं एक नाही, दोन आहेत, एकावर एक ठेवलेली. एचिझेनची ही खास पद्धत. पातं पातळ होत गेलं की लवकर निवतं, आणि थंड लोखंडावर घण घातला तर ते बिघडतं. म्हणून दोन पाती जोडीने ठोकायची, एकाची ऊब दुसऱ्याला. घण सेकंदाला कितीतरी वेळा पडत होता, आणि त्याच्याखाली तो माणूस सांडशी दर दोन-तीन ठोक्यांनी किंचित सरकवत होता, मधेच जोडी उलटवत होता, वरचं पातं खाली, खालचं वर. पायाने घणाचा जोर कमी-जास्त करत होता. ठिणग्या उडत होत्या पण तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर फक्त रंगावर. रंग नारिंगीवरून लाल झाला की पाती परत भट्टीत.

आपल्याकडे पोलादाला पाणी देणं म्हणतात, तो भाग मला पाहायला मिळाला नाही, पण तिथल्या माणसाने समजावून सांगितला. पात्याला आधी पातळ चिखलाचा लेप देतात. साधारण 800 अंशांच्या आसपास तापवून ते एकदम बुडवतात. लेपामुळे पात्याभोवती वाफेचे बुडबुडे धरत नाहीत आणि ते सगळीकडून सारखं निवतं. तेव्हा पोलाद काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच ठिसूळ. म्हणून मग 150 ते 200 अंशांच्या मंद आचेवर पुन्हा शेकतात. त्याने ठिसूळपणा थोडा उतरतो. थोडाच. माझ्या भोपळ्याचं उत्तर तिथेच होतं, मी ते ऐकूनही घेतलं होतं.

माझ्या सुरीत मधला थर आहे तो आओगामी क्रमांक 2 नावाच्या पोलादाचा. आओगामी म्हणजे निळा कागद. शिमाने प्रांतातल्या यासुगी इथे हे पोलाद बनतं, आणि नाव पडलं ते गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून. पांढऱ्या कागदातलं ते शिरोगामी, लोखंड आणि कार्बन, बाकी जवळजवळ काही नाही. त्यात क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलं की ते आओगामी, ज्याची धार जास्त दिवस टिकते. कार्बन एक टक्क्याहून थोडा जास्त. हे कडक पोलाद मधे आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड, अशी तीन पदरी रचना. धारेजवळ बारकाईने पाहिलं तर एक नागमोडी रेघ दिसते, तिथे मऊ लोखंड संपतं आणि पोलाद उघडं पडतं. वरचा भाग काळा, खडबडीत, भट्टीतून आला तसाच ठेवलेला. त्याला कुरोउची म्हणतात. तो काळा थर गंजापासून थोडं राखतो. मला तो दिसायलाही आवडतो, आपल्या बिडाच्या तव्यासारखा.

दुकानात मी तीन सुऱ्या हातात घेऊन पाहिल्या. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं की मी उजव्या हाताने चिरते का, जास्त करून काय चिरते, आणि मग विचारलं, "धार कोण लावणार?" मी म्हटलं, माझ्याकडे धार लावायचं काही नाही. त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि आधी दगड दाखवले. मध्यम कणांचा, 1000 क्रमांकाचा एक पुरे, म्हणाले, बाकीचे नंतर. दगड घ्यायला मी तयार झाले तेव्हा सुरी परत पुढे केली. मग खोक्यात ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, कारण 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायला इथे कायद्याने बंदी आहे. पावती वरच ठेवायला सांगितली.

घरी आल्यावर पहिला कांदा चिरला तो क्षण मला लख्ख आठवतो. कांदा कापला गेल्याचं हाताला कळलंच नाही. पाटावर पातं टेकल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी नाही म्हटलं तरी चालेल. कांद्याच्या पेशी चिरडल्या की आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि डोळे झोंबवणारा वायू तयार होतो. त्यामागचं नेमकं विकर, म्हणजे एन्झाइम, जपानमधल्याच संशोधकांनी 2002 मध्ये शोधून काढलं. धारदार पातं पेशी कमी चिरडतं, इतकं साधं आहे ते. कोथिंबीर चिरल्यावर पाट कोरडा राहिला. काकडी चोचवताना टचाटच आवाज. मुळ्याचे काप काढले ते आरपार दिसण्याइतके पातळ, आणि कोशिंबिरीला पाणीच सुटेना, तेव्हा मीठ घालून दहा मिनिटं थांबायला लागलं.

ही सुरी मागते काय, तर लगेच पुसणं. कार्बनचं पोलाद गंजतं. पहिल्याच आठवड्यात लिंबू चिरून मी फोन घ्यायला गेले, वीस मिनिटांनी आले तर धारेवर केशरी ठिपके. खाण्याच्या सोड्याने घासून काढले. तेव्हापासून ओट्यावर सुरीच्या शेजारी घडी घातलेलं सुती फडकं असतं, जुन्या लुगड्याचं. टोमॅटो, कैरी, चिंच, आमसूल यांपैकी काही चिरलं की मधेच पुसायचं, संपल्यावर धुऊन पुसायचं. दोन-तीन महिन्यांत धारेवर निळसर करडी छटा चढली, मोराच्या गळ्यासारखी, कुठे जांभळी. एकदा ती चढली की गंज सहसा धरत नाही आणि कांद्याला सुरुवातीला येणारा लोखंडाचा वासही जातो. भांडी धुण्याच्या यंत्रात ती कधीच जात नाही, हे नवऱ्याला मी एकदाच सांगितलं आणि त्याने ते पाळलं. मूठ होओ नावाच्या झाडाच्या साध्या लाकडाची आहे, न रंगवलेली, ओल्या हातातही घसरत नाही. सुट्टीत भारतात यायचं असलं की पात्याला कामेलियाच्या बियांचं तेल चोळून कागदात गुंडाळते.

तर तो खांडा.

दुकानाकडे पाठवली असती तर त्यांनी काढून दिला असता. पण आई म्हणाली, "तुझ्याकडे निसणा आहे ना? मग?" निसणा. तोपर्यंत मी त्याला दगडच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी जाऊन 220 क्रमांकाचा खरबरीत दगड आणला. तो अर्धा तास पाण्यात ठेवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मोरीत ओल्या फडक्यावर दगड, समोर मी, बाजूला स्टुलावर आई.

धारेची कड काळ्या मार्करने रंगवून घेतली, म्हणजे दगड कुठे लागतो ते दिसतं. सुरीची पाठ दगडापासून दहा येनची दोन-तीन नाणी मावतील एवढीच उचलायची आणि तोच कोन शेवटपर्यंत धरून ठेवायचा. डाव्या हाताची तीन बोटं पात्यावर, जिथे झिजवायचं तिथेच. पुढे ढकलायचं, मागे घ्यायचं. खांडा एका जागी असला तरी तिथलीच धार झिजवली तर पातं पाटावर नीट टेकणार नाही आणि कोबी तळाशी जोडलेला राहील, म्हणून टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत सगळीच धार मागे न्यावी लागते. दगडावर करडा रेंदा जमतो. तो धुवायचा नाही, खरं काम तोच करतो.

एक तास झाला. माझा खांदा भरून आला, आणि खांडा होता त्याच्या निम्मा. आई म्हणाली, "उठ, आता मी." तिने सुरी अशी आडवी धरून कधीच काही परजलं नव्हतं. पण पाच-सात घासांत तिचा हात एका लयीत आला. विळीवर बसून साठ वर्षं काम केलेल्या हाताला पात्याचा कोन कळतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिचा घास माझ्यापेक्षा लांब होता आणि आवाज एकसारखा, सस्स, सस्स, मधे कुठे खर्र नाही.

आणखी पाऊण तासाने खांडा गेला. मग धारेच्या उलट्या बाजूवर अंगठा पाठीकडून कडेकडे हलकेच नेला तर केसाएवढी खरखर लागली. तिला काएरी म्हणतात, परतून आलेली. ती टाचेपासून टोकापर्यंत अखंड लागली म्हणजे त्या बाजूचं काम झालं. सुरी उलटायची, दुसऱ्या बाजूने तसंच. नंतर 1000 च्या दगडावर दोन्ही बाजू, शेवटी अगदी हलक्या हाताने, नुसत्या सुरीच्या वजनाने. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून पाहिला. पातं त्यातून आवाज न करता गेलं.

सुरी आता आधीपेक्षा किंचित अरुंद आहे. कळेल एवढी नाही, मला माहीत आहे म्हणून कळते. काबोचा मी आता आधी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं ठेवते, मग चिरते, आणि पातं अडकलं तर ते सरळ मागे ओढते, कधीही पिळत नाही. गोठलेली मासळी आणि हाडं यांच्यासाठी जुनी स्टीलची सुरी ठेवली आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सुरी, दोन्ही दगड आणि आईने येताना आणलेली खवणी पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. फुलं झेंडूची मिळाली नाहीत, शेवंतीची वाहिली. नंतर मी आईला उएनोला शिनोबाझु तळ्याकाठच्या बेन्तेनच्या देवळात घेऊन गेले. तिथे आवारात वापरून संपलेल्या सुऱ्यांचं स्मारक आहे, मोठी शिळा. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच. आई शिळेसमोर चपला काढून उभी राहिली.

परतायच्या आधी मी तिला कप्पाबाशीच्या भांडीबाजारात नेलं. वाटलं होतं तिला एक छोटी सुरी घेऊन द्यावी, फळं कापायला. तिने सगळ्या सुऱ्या पाहिल्या, मुठी हातात धरून पाहिल्या, आणि शेवटी 1000 चा एक निसणा उचलला. म्हणाली, "धारवाला आता आपल्या आळीत येत नाही. दोन वर्षं झाली विळीला धार नाही. हाच दे."

चेक-इनच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून तो चिपळूणला गेला. विळीचं पातं तर पाटाला पक्कं बसवलेलं, ते दगडावर कसं नेणार, म्हणून आई उलट करते. विळी समोर आडवी ठेवते, पाटावर पाय देते, आणि ओला दगडच हातात धरून पात्यावरून फिरवते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिने मला दाखवलं. मग कॅमेरा तसाच भिंतीला टेकवून ठेवला, मेथीची जुडी घेतली आणि बसली. मी इकडे ऑफिसला निघायच्या घाईत होते, पण जुडी संपेपर्यंत फोन ठेवला नाही.